मुलांना मचाणावर नेताना: मराठवाड्यातील पालकांसाठी सुरक्षिततेचे मार्गदर्शन

मराठवाड्यात मचाण दोन ठिकाणी आढळते. ज्वारी दाण्यात आली की पाखरे राखण्यासाठी शेतात उभारलेला माळा हे एक, आणि गौताळा किंवा येडशीसारख्या अभयारण्यात पाणवठ्यालगत बांधलेले मचाण हे दुसरे. आठ-दहा फूट उंचीवर शांत बसलेल्या माणसाकडे रोही, हरीण किंवा मोर यांचे लक्ष सहसा जात नाही आणि म्हणूनच मुलांना हे प्राणी आपल्या चालीने चरताना, पाणी पिताना, पिलांना सांभाळताना दिसतात. हा अनुभव मुलांना जरूर द्यावा. मात्र तो देताना एक नियम कोणत्याही सबबीखाली मोडू नये: मुलाचा पाय जमिनीवरून उचलण्याआधी ते दोराला जोडलेले असावे आणि पाय पुन्हा जमिनीला टेकल्यानंतरच ते सुटावे. पुढे जे काही सांगितले आहे, ते या एका नियमाची अंमलबजावणी कशी करायची याविषयी आहे.

अमेरिकेत हरणांच्या शिकारीसाठी झाडावर बसण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर रूढ आहे आणि तिथले पालक मुलांनाही सोबत नेतात. झाडावरून पडून होणाऱ्या अपघातांविषयी तिथल्या शिकाऱ्यांना जे शिकवले जाते, त्यातील बराच भाग आपल्याला उपयोगी आहे. शिकारीचा भाग मात्र आपल्याकडे लागू नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे आणि शिकार या संज्ञेत नुसते मारणे येत नाही. पकडणे, फासे लावणे, हुसकावून सापळ्याकडे नेणे, पक्ष्यांची अंडी किंवा घरटी काढणे हेदेखील त्यात येते. बेचकीने होले टिपणे किंवा तितरांसाठी फासे मांडणे हा पोरखेळ नसून गुन्हा आहे, हे मुलांना मचाणावर नेण्याआधीच स्वच्छ शब्दांत सांगावे. पिकांची नासाडी करणाऱ्या प्राण्यांबाबत कायद्याच्या कलम ११ खाली परवानगीची वेगळी तरतूद आहे. पण ते काम अधिकृत परवानगी असलेल्या प्रौढांचे असून, जिथे बंदूक आहे त्या मचाणावर मूल असता कामा नये.

वयाचा विचार आधी करावा. पाच वर्षांखालील मुलाला उंचीवर नेऊच नये. पाच ते आठ या वयात बांधावरच्या बाभळीच्या किंवा बोरीच्या आडोशाला, जमिनीवरच लपण बांधून बसवावे. गोणपाट आणि कडब्याच्या चार पेंढ्या एवढ्यावर उत्तम लपण तयार होते, आणि मूल अर्धा तास न बोलता, न हलता बसू शकते की नाही याची परीक्षाही तिथेच होते. आठ वर्षांच्या पुढे, मूल सूचना ऐकणारे असेल तर, जास्तीत जास्त आठ ते दहा फूट उंचीच्या मचाणाचा विचार करावा. वयापेक्षा ऐकण्याची सवय महत्त्वाची आहे. ‘थांब’ म्हटल्यावर जागच्या जागी थांबणारा नऊ वर्षांचा मुलगा हा ऐन वेळी उडी मारून दाखवणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलापेक्षा मचाणावर अधिक सुरक्षित असतो. एका मुलामागे वर एक प्रौढ आणि खाली आणखी एक प्रौढ, हे प्रमाण ठेवावे. दोन मुले असतील तर वर दोन मोठी माणसे हवीत; ती नसतील तर मुलांना आळीपाळीने न्यावे.

झाड आणि माळा

झाड निवडताना चिंच, कडुनिंब, साग किंवा निरोगी आंबा यांना प्राधान्य द्यावे. शेवगा आणि पांगारा यांचे लाकूड मऊ व ठिसूळ असते, तर जांभळीची फांदी हिरवीगार दिसत असतानाही अचानक मोडते. ही झाडे वर्ज्य समजावीत. जिथे मचाण टेकणार आहे तिथे बुंध्याची जाडी निदान एक फूट असावी. बुंध्यावर कुऱ्हाडीच्या तुंब्याने ठोकून पाहावे. पोकळ झाडाचा आवाज वेगळा येतो आणि तो एकदा ऐकला की कान चुकत नाहीत. खोडाला फुटलेली आळंबी, शेंड्याकडील वाळलेल्या फांद्या, बेचक्यातील चीर आणि मुळांपाशी उचललेली माती यांपैकी एकही खूण दिसली तर ते झाड सोडून द्यावे.

त्यानंतर मान वर करून झाड पूर्ण पाहावे. वड-पिंपळासारख्या मोठ्या झाडांवर आग्या मोहोळ असते आणि आग्या माशांचा हल्ला उंचीवर बांधलेल्या मुलासाठी अत्यंत धोकादायक ठरतो, कारण तिथून पळता येत नाही. मोहोळ त्याच झाडावर नसून शेजारच्या झाडावर असले तरी तो दिवस रद्द करावा. बिडी-सिगारेटचा धूर आणि उग्र अत्तर यांनी माश्या बिथरतात, म्हणून दोन्ही टाळावे. झाडाच्या जवळून विजेची तार जात असेल तर तारेच्या बाजूची फांदी, शिडी आणि ओला दोर या तिन्ही गोष्टी जीवघेण्या ठरू शकतात. असे झाड कितीही सोयीचे असले तरी घेऊ नये.

शेतातला चार खांबांचा माळा झाडापेक्षा सुरक्षित वाटतो, पण आपल्याकडच्या काळ्या मातीत त्याची स्वतंत्र काळजी घ्यावी लागते. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यामुळे मागच्या हंगामात घट्ट बसलेला खांब या हंगामात हिरडीतल्या दातासारखा हलतो. खांब तीन फूट खोल गाडून भोवती मुरूम ठोकून बसवावा, प्रत्येक दोन खांबांमध्ये तिरकस आधार द्यावा आणि मूल चढण्याआधी दोन मोठ्या माणसांनी वर उभे राहून माळा चारी दिशांना हलवून पाहावा. बांबू असेल तर त्याला भुंग्याने पोखरलेली छिद्रे आणि त्यातून गळणारी पिवळसर भुकटी शोधावी. काथ्याची बांधणी दरवर्षी नवी करावी. वरून शाबूत दिसणारा काथ्या आतून कुजलेला असतो. माळ्याला तिन्ही बाजूंनी साडेतीन फूट उंचीचा कठडा आणि त्याच्या मधोमध आणखी एक आडवी काठी असावी, कारण लहान मूल कठड्यावरून पडण्याऐवजी कठड्याखालून घसरते.

मुलाला बांधायचे कसे

हा या मार्गदर्शनाचा गाभा आहे, म्हणून तो सविस्तर सांगणे आवश्यक वाटते.

मुलाच्या कमरेला कासरा किंवा दावे बांधून दुसरे टोक फांदीला अडकवणे ही गावोगाव दिसणारी पद्धत पूर्णपणे बंद व्हायला हवी. पडताना सगळा भार पोटावर येतो, आतल्या अवयवांना इजा होते, आणि मूल उलटे झाले तर ते दोरातून निसटते. खांबावर चढणारा वायरमन कमरेला जो पट्टा लावतो, तो काम करताना तोल सांभाळण्यासाठी असतो. पडणाऱ्या माणसाला झेलण्यासाठी तो पुरेसा नाही. मुलासाठी खांदे, छाती आणि दोन्ही मांड्या यांना धरून ठेवणारा पूर्ण शरीराचा हार्नेसच लागतो.

हा हार्नेस बांधकामाच्या साहित्याच्या दुकानातून सरसकट उचलून आणू नये. तिथला हार्नेस प्रौढ कामगाराच्या मापाचा असतो आणि सगळे पट्टे आवळले तरी दहा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावरून घसरतो. शिवाय त्याच्यासोबत येणारा धक्का शोषणारा पट्टा शंभर किलो वजनाच्या आसपासचा विचार करून बनवलेला असतो. पंचवीस किलोचे मूल पडले तर तो पट्टा नीट उघडतच नाही आणि सगळा झटका मुलाच्या अंगाला बसतो. गिर्यारोहणाच्या साहित्यात मुलांसाठी वेगळे हार्नेस मिळतात. ईएन १२२७७ या युरोपीय मानकात ‘बी’ प्रकार हा चाळीस किलोपर्यंतच्या व्यक्तींसाठीचा पूर्ण शरीराचा लहान हार्नेस आहे. खरेदी करताना लेबलवर हे लिहिलेले आहे का आणि बनवल्याचे वर्ष कोणते आहे, हे स्वतः वाचावे.

हार्नेस घातल्यावर मांडीच्या पट्ट्यात सपाट तळहात सरकला पाहिजे, पण मूठ सरकता कामा नये. छातीचा पट्टा गळ्याशी किंवा पोटावर नसून छातीच्या मध्यावर यावा. हिवाळ्यात जाड स्वेटरवर हार्नेस घालून मग स्वेटर काढला की सगळे माप बिघडते, म्हणून कपडे आधी ठरवावेत आणि हार्नेस शेवटी घालावा. मुलाच्या खिशात गोट्या, चाव्या किंवा काडी असे काही राहू देऊ नये. पट्ट्याखाली आलेली वस्तू लटकताना मांडीत रुतते.

दोर दहा ते अकरा मिलिमीटर जाडीचा, गिर्यारोहणाचा असावा. तो मचाणाच्या वर, उभ्या प्रौढाच्या डोक्याच्या उंचीला, खोडालाच वळसा घालून बांधावा. फांदीला किंवा मचाणाच्या काठीला बांधू नये, कारण मचाण कोसळले तर दोर वरच राहिला पाहिजे. एकच खोड नसलेल्या चार खांबी माळ्यावर ही सोय होत नसल्याने, तिथे दोर मुलाला कठड्यापर्यंत पोहोचताच येणार नाही इतका आखूड ठेवावा. हा आखूडपणा झाडावरही तितकाच महत्त्वाचा आहे. बसल्यावर दोर जेमतेम सैल असावा आणि उभे राहिल्यावरही त्याला लोंबता झोल राहू नये. दोराने पडणाऱ्या मुलाला झेलावे ही शेवटची आशा आहे. मूल कडेपर्यंत जाऊच नये, ही खरी व्यवस्था.

जोडणीसाठी आपोआप कुलूपबंद होणारे कॅराबिनर, म्हणजे दोर व हार्नेस जोडणाऱ्या धातूच्या कड्या, वापरावेत. साध्या स्प्रिंगच्या कॅराबिनरशी मुले कंटाळली की खेळतात आणि त्यांच्या नकळत ते उघडते.

झोळीसारख्या ‘सॅडल’विषयी अलीकडे तरुणांमध्ये कुतूहल आहे. त्यात माणूस झाडाकडे तोंड करून कमरेच्या व मांड्यांच्या रुंद पट्ट्यात बसतो, पाय एका छोट्या फळीवर टेकवतो आणि दोराच्या आधारावर खोडाभोवती फिरू शकतो. प्रशिक्षित प्रौढासाठी हे साधन चांगले आहे. मुलांचे नितंब पुरेसे भरलेले नसतात आणि शरीराचा भार डोक्याकडे अधिक असतो, त्यामुळे नुसत्या कमरेच्या पट्ट्यात मूल उलटे होऊन निसटण्याची शक्यता राहते. शिवाय सॅडलमध्ये हालचाल करताना दोराची लांबी सतत सांभाळावी लागते. चौदा-पंधरा वर्षांच्या आत सॅडल देऊ नये आणि त्यानंतरही छातीचा पट्टा जोडूनच, गिर्यारोहण शिकवणाऱ्या जाणकाराच्या देखरेखीखाली द्यावे, असे माझे मत आहे.

प्रत्यक्ष मचाणाआधी घरी सराव आवश्यक आहे. वाड्याच्या मजबूत तुळईला किंवा अंगणातल्या झाडाला दोर बांधून मुलाला जमिनीपासून एक फुटावर लटकू द्यावे. लटकल्यावर काय होते, मांडीला कुठे टोचते, खोड धरून पुन्हा उभे कसे राहायचे, हे त्याला हसत-खेळत कळले की उंचीवर पाय सटकल्यास ते घाबरून हातपाय झाडत नाही.

चढणे आणि उतरणे

झाडावरचे बहुतेक अपघात बसलेल्या माणसाला होत नाहीत. ते चढता-उतरताना आणि शिडीवरून मचाणावर पाय टाकताना होतात. म्हणून चढण्याचा दोर वेगळा हवा. वरच्या बांधणीपासून जमिनीपर्यंत एक दोर सोडावा, त्यावर सहा मिलिमीटरच्या बारीक दोरीची प्रुसिक गाठ घ्यावी आणि ती मुलाच्या हार्नेसला आखूड जोडावी. ही तीन वेढ्यांची गाठ हाताने वर सरकवली की सरकते आणि भार पडला की दोराला आवळून धरते. ती बांधता येत नसेल तर मुलाला वर नेऊ नये. पुस्तकातले चित्र पाहून ऐन वेळी बांधलेल्या गाठीवर मुलाचा जीव टांगता येत नाही.

मचाण आठ फुटांवर असेल तर शिडीचा पाय खोडापासून दोन फूट लांब ठेवावा, शिडी मचाणाच्या वर तीन फूट जावी आणि ती वर-खाली दोन्हीकडे बांधलेली असावी. आधी प्रौढाने स्वतःच्या दोरावर चढावे आणि वर स्वतःला जोडून घ्यावे. मग मुलाने चढावे. दोन हात व एक पाय, किंवा दोन पाय व एक हात, असे तीन अवयव सतत शिडीवर टेकलेले राहतील हे खालचा माणूस पाहतो आणि शिडी धरतो. शिडीवर एका वेळी एकच जण. मुलाच्या हातात किंवा पाठीवर काहीही नसावे. दुर्बीण, पाण्याची बाटली, डबा हे सगळे पिशवीत घालून नंतर दोरीने वर ओढावे. मूल वर पोहोचले की आधी मचाणावरचा दोर जोडायचा आणि नंतरच चढण्याचा दोर सोडायचा. हा क्रम उलटा झाला तर मधले दोन सेकंद मूल कशालाही जोडलेले नसते. उतरताना मूल आधी उतरते, प्रौढ शेवटी. आणि ‘आता घरी जायचे’ या घाईत शिडीच्या खालच्या चार पायऱ्यांवरून उडी मारण्याची मुलांची सवय ठामपणे मोडावी.

वर बसल्यावर

मुलाने खोडाला टेकून बसावे आणि प्रौढाने कडेच्या बाजूला. शेंगदाणे-गूळ, दशमी किंवा धपाटे असे आवाज न करणारे खाणे न्यावे. कुरकुरणारी पाकिटे घरीच ठेवावीत. पहिल्या खेपेला तासभर पुरे. मुलाला वहीत नोंदी करायला दिल्या तर ते स्थिर राहते: किती रोही आले, कोणत्या बाजूने आले, पाणी पिताना कोण पहारा देत होते. पौष-माघात, हुरड्याच्या दिवसांत, दिवसाउजेडी शेतातल्या माळ्यावर सुरुवात करावी, असा माझा आग्रह आहे. हवा थंड असते, विजांचे भय जवळपास नसते, आणि ज्वारीवर उतरणारे भोरड्यांचे थवे, तारेवर बसलेला चास व जमिनीलगत घिरट्या घालणारे भोवत्या पाहता पाहता मूल आपोआप शांत बसायला शिकते.

वैशाखी पौर्णिमेच्या रात्रीची पाणवठ्यावरची प्राणीगणना मुलांना खुणावते, पण अभयारण्यात रात्री थांबण्यासाठी वन विभागाची परवानगी लागते आणि मुलांबाबतच्या वयाच्या अटी वनपरिक्षेत्र कार्यालयातच विचाराव्यात. आपल्या जंगलात आता बिबट्यापुरताच विचार करून चालत नाही. टिपेश्वरकडून आलेला वाघ २०२१ मध्ये गौताळ्यात आढळला आणि २०२४ च्या अखेरीस येडशीच्या परिसरातही वाघ दिसला; किनवटच्या बाजूला अस्वलेही आहेत. स्थानिक वनरक्षकाने ‘इथे नको’ म्हटले की त्यावर वाद घालू नये.

चैत्र-वैशाखात अवकाळीचे ढग दुपारनंतर जमतात. गडगडाट ऐकू आला की त्याच क्षणी उतरावे, एकाकी झाडापासून दूर जाऊन पक्क्या घरात किंवा बंद गाडीत बसावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ हे ॲप फोनमध्ये ठेवावे, मात्र ढग दिसत असताना ॲपच्या सूचनेची वाट पाहू नये.

मचाणापेक्षा मचाणापर्यंतची वाट अनेकदा अधिक धोक्याची असते. कठडा नसलेल्या विहिरी, डुकरांसाठी चोरून सोडलेला थेट विजेचा प्रवाह आणि कडब्याच्या गंजीखाली बसलेली घोणस या तिन्ही गोष्टी अंधारात दिसत नाहीत. शेजारच्या शेतकऱ्याला आदल्या दिवशी भेटून कुठे तार सोडली आहे का, हे थेट विचारावे. वाट दिवसा चालून पाहावी, पायात बूट आणि हातात बॅटरी असावी, मूल दोन मोठ्यांच्या मध्ये चालावे. साप चावल्यास मांत्रिक किंवा कापाकापी न करता हातपाय स्थिर ठेवून थेट रुग्णालय गाठावे.

कोणी हार्नेसमध्ये लटकून राहिले तर काही मिनिटांतच पायांत रक्त साचून शुद्ध हरपू शकते, म्हणून मुलाला खाली घेण्याची योजना चढण्याआधी ठरलेली हवी. हार्नेसला पाय टेकवण्याचा एक फास लावून ठेवावा, ज्यावर उभे राहून मूल मांड्यांवरचा भार कमी करू शकते. खालच्या माणसाने लगेच शिडी लावावी. पडून मानेला किंवा पाठीला मार लागला असेल तर मुलाला उचलून मांडीवर न घेता, श्वास चालू आहे याची खात्री करून, आहे तसेच स्थिर ठेवावे आणि १०८ ला फोन करावा. जंगलात प्राण्याचा प्रसंग आला तर वन विभागाची मदतवाहिनी १९२६ आहे. मचाणाच्या जागेवर मोबाइलला रेंज मिळते का, हे आदल्या दिवशीच पाहावे. मिळत नसेल तर कुठल्या टेकाडावर मिळते हे खालच्या माणसाला ठाऊक असावे आणि परतण्याची वेळ घरी सांगून निघावे.

घरी आल्यावर दोर आणि हार्नेस सावलीत वाळवून स्वतंत्र पिशवीत ठेवावेत. खताची पोती, फवारणीची औषधे आणि ट्रॅक्टरची बॅटरी जिथे असते त्या खोलीत ते कधीही ठेवू नयेत, कारण बॅटरीतील आम्लाच्या नुसत्या वाफेनेही नायलॉनचे धागे आतून कमकुवत होतात आणि वरून काहीच दिसत नाही. उंदरांचा दात लागला आहे का, हे प्रत्येक वेळी दोर बोटांमधून सोडत तपासावे. ज्या दोराने एकदा खरे पडणे झेलले आहे, तो दोर आणि हार्नेस दोन्ही बाद करावेत, आणि बाद केलेल्या दोराचे हातभर लांबीचे तुकडे करावेत, म्हणजे पुढच्या हंगामात कोणी तो चांगला समजून पुन्हा झाडाला बांधणार नाही.